डब्याचे हात

लेखिकेची ओळ पुन्हा उडाली होती.

सकाळी खुर्चीत टेकते न टेकते तोच तिने खुणांचं पान उघडलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काल जेवणाची सुट्टी वाया घालवून लिहिलेली ओळ तिथे नव्हती. तिच्या जागी जुनंच वाक्य ऐसपैस बसलं होतं, आणि खाली शेरा होता, "पुरावा नाही. काढले. निळी पेन्सिल."

"परत?" शेजारच्या टेबलावरच्या चित्रकाराने मान वर न करताच विचारलं. तो कप्तानाच्या नाकाला सावली देत होता.

"परत."

"सोडून दे ना आता."

सोडून द्यायला ती तयार नव्हती. का नव्हती, ते कळायला ही सगळी भानगड आधी समजून घ्यायला हवी.

या कचेरीत एक कार्टून मालिका तयार होत असे. नाव 'अंतराळ टोचन सेवा'. वाटेत बंद पडलेली यानं ओढून नेणारं एक खटारा यान, त्याचा भित्रा कप्तान, सगळ्यांवर डाफरणारं कुंडीतलं एक झुडूप, आणि डबा नावाचा यंत्रमानव. डबा यानंही दुरुस्त करायचा आणि आजारी माणसंही. मालिका विनोदी होती आणि लेखिकेच्या मते बरी होती. पण प्रेक्षकांना विनोदाशी फारसं देणंघेणं उरलं नव्हतं. त्यांना हव्या असत खुणा. मागच्या भिंतीवर कुठल्या जुन्या सिनेमाचं पोस्टर आहे, यानाचा क्रमांक कुठल्या कादंबरीतून उचललाय, झुडूप शिंकतं ते कुठल्या नटासारखं, याचा कीस पाडत ते बसत. गोष्टीत काय झालं ते विचारलं तर मात्र इकडेतिकडे बघत. आणि सापडलेलं सगळं धन साठवायला चाहत्यांनी इंटरनेटवर एक भलंमोठं पान चालवलं होतं. तेच हे खुणांचं पान.

आता गंमत अशी, की यातल्या कितीतरी खुणा कुणी ठेवलेल्याच नव्हत्या. एका भागात घाईघाईत कप्तानाच्या हाताला सहावं बोट निघालं. चित्रकाराची सरळ सरळ चूक. पण पानावर लगेच निबंध आला, की हा जुन्या काळच्या परग्रहवासीयांना केलेला मुजरा आहे. यानातलं घड्याळ कायम दहा वाजून दहा मिनिटं दाखवतं, कारण चित्रकाराने ते एका जाहिरातीवरून उतरवलं होतं. त्यावरून तर दोन तट पडून हमरीतुमरी झाली. चित्रकार हे सगळं वाचायचा आणि गालातल्या गालात हसायचा. "लोक मला अभ्यासू म्हणतायत, मी कशाला नाही म्हणू," असं त्याचं म्हणणं.

लेखिकेला मात्र हसू येत नसे, आणि त्याला कारण होतं डब्याचे हात.

पहिल्याच भागात तिने एक प्रसंग लिहिला होता. कप्तान तापाने फणफणलेला असतो. डबा त्याच्याजवळ येतो, पण लगेच हात लावत नाही. आधी आपले पत्र्याचे तळवे एकमेकांवर घासतो, बराच वेळ घासतो, आणि ते ऊबदार झाल्यावरच कप्तानाच्या कपाळावर ठेवतो. बोलत काहीच नाही. पुढे ती डब्याची सवयच होऊन गेली. अख्ख्या मालिकेत लेखिकेने अगदी पोटातून लिहिलेलं काही असेल तर ते हे. आणि ते तिच्या वडिलांचं होतं.

वडील पंप विकत गावोगाव हिंडायचे. घरी असायचे थोडे दिवस, पण असले की घर डोक्यावर घ्यायचे. लेखिका लहान असताना तिला गोवर आला होता. डोळे चिकटून बंद झालेले, खिडकीचे पडदे ओढलेले, अंग भट्टीसारखं तापलेलं. त्या अंधारात बाबांचा आवाज येत होता. चंद्रावर पंप विकायला गेलेल्या माणसाची काहीतरी अचाट गोष्ट ते सांगत होते. मग तळवे घासल्याची खसखस ऐकू आली, आणि मग कपाळावर हात, ऊबदार, मऊ. आयुष्यात पुन्हा कधी तिला इतकं सुरक्षित वाटलं नाही. मालिका सुरू व्हायच्या आधीच बाबा गेले. मुलगी काय लिहिते, ते त्यांनी पाहिलंच नाही. त्यांच्यासाठी कुठेतरी एक ओळ असावी, चार लोकांनी ती वाचावी, एवढंच तिला हवं होतं.

आणि पानावर काय लिहिलं होतं, तर "तळवे घासणे : एका मूकपटातल्या डॉक्टरची नक्कल." सोबत दोन चित्रं शेजारीशेजारी चिकटवलेली, एकात डबा आणि एकात तो डॉक्टर. लेखिकेने तो मूकपट जन्मात पाहिला नव्हता. आता मुद्दाम शोधून पाहिला, तर तो डॉक्टर हात चोळत होता ते श्रीमंत रोगी गळाला लागला म्हणून. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

खरं काय ते उघड सांगून टाकायचं म्हटलं तर तिथे निर्माता आडवा. या माणसाला कचेरीत सगळे 'उरका' म्हणत, कारण त्याच्या तोंडात दुसरा शब्द नसे. उरकाने फर्मान काढलं होतं, की खुणांबद्दल कुणी बाहेर ब्र काढायचा नाही. मुलाखती नाहीत, काही नाही. लोकांना भांडू द्या, मालिकेचं नाव होतंय. म्हणून मग लेखिकेने 'पानापक्कड' असं टोपणनाव घेऊन पानावर शिरकाव केला आणि लिहिलं, "ही सवय लेखिकेच्या वडिलांची आहे." ओळ उडाली. पुन्हा लिहिलं. पुन्हा उडाली. ती उडवणारी निळी पेन्सिल म्हणजे पानाची सर्वांत कडक राखणदार. सगळे तिला टरकून असत.

एकदा लेखिकेने विचारलंही होतं, "तुम्हांला पुरावा म्हणजे नक्की काय हवं?"

उत्तर आलं, "छापील मजकूर. पुस्तक किंवा मुलाखत. ऐकीव गोष्टी इथे चालत नाहीत. मूकपटाचे चित्र समोर दिसते, म्हणून ते ठेवले आहे. तुम्ही लेखिकेच्या वडिलांना ओळखत होता का?"

ओळखत होते म्हणावं तर पितळ उघडं पडणार. तिने दात ओठ खाऊन संगणक बंद केला. निळी पेन्सिल कशी असेल, याचं चित्र तिने मनात केव्हाच रंगवलं होतं. आईबापांच्या जिवावर जगणारा एक दाढीवाला इसम, मांडीवर वेफर्सची पिशवी, अंगात आठवड्याचा सदरा. असल्या माणसाने तिला तिच्याच वडिलांबद्दल पुरावा मागावा, हे तिला सहन होत नव्हतं.

तर त्या दिवशी ओळ उडाल्यावर ती धुमसत बसली असतानाच उरकाने सगळ्यांना आत बोलावलं.

"पुस्तक काढतोय आपण," तो म्हणाला. "मालिकेतल्या सगळ्या खुणा, खऱ्या, आपल्या तोंडून. आता गुपितं पुरे झाली. मजकूर जवळजवळ तयार आहे, आज दुपारीच छपाईला जाणार. हातांचं तेवढं राहिलंय. लोक त्यावर फार काथ्याकूट करतायत. काय आहे ते एकदाचं सांग आणि उरक."

लेखिकेला आपल्या कानांवर विश्वास बसेना. तिने तिथेच, उरकाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर कागद ठेवून लिहिलं. गोवर, पडदे, चंद्रावरचा पंपविक्या, खसखस, कपाळावरचा हात. शेवटी लिहिलं, "डब्याचे हात माझ्या बाबांचे आहेत." लिहिताना तिचे डोळे भरून आले आणि ते तिने लपवलंही नाही.

उरकाने वाचलं, आणि या माणसाचाही आवाज जरा खाली आला. "छान आहे. वडिलांचा फोटो आण उद्या. फोटोंची पानं शेवटी छापतात, तेवढा वेळ आहे."

बाहेर येऊन तिने चित्रकाराला सांगितलं, "घे म्हणावं आता पुरावा. छापील."

"कुणाला म्हणतेस?"

"त्या दाढीवाल्याला."

संध्याकाळी ती थेट आईकडे गेली. बाबांचे फोटो आईच्या कपाटात होते. आई एकटीच राहायची, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. आयुष्यभर तिने एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. पुस्तक छापायच्या आधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. निवृत्त झाली तरी ती खोड गेली नव्हती. औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा ती पेन घेऊन वाचायची. लेखिकेचं आणि तिचं वाकडं नव्हतं, पण बाबांशी जशा गप्पा रंगत तशा आईशी कधी रंगल्या नाहीत. आई कमी बोलायची, आणि बोलली तर चूक दाखवायला.

लेखिकेकडे किल्ली होतीच. ती आत आली तेव्हा आई खिडकीशी संगणकापुढे बसली होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तिला चाहूल लागली नाही. लेखिका मागे जाऊन उभी राहिली. पडद्यावर खुणांचं पान होतं.

"तूही हे वाचतेस?" लेखिका हसून म्हणाली.

आई दचकली. तिने चटकन पान बंद करायला हात नेला, पण बोट भलतीकडेच पडलं आणि पडद्यावर तिचं खातं उघडलं. वर ठसठशीत अक्षरांत नाव होतं, निळी पेन्सिल.

लेखिकेने ते दोनदा वाचलं.

"तू?" लेखिकेच्या तोंडून कसंबसं निघालं.

"कुणाला सांगू नकोस," आई म्हणाली. ती चोरी पकडल्यासारखी गोरीमोरी झाली होती. "लेखिकेची आईच पान सांभाळते म्हटल्यावर लोक म्हणतील, पक्षपात करते. मी कधी केला नाही. विचार हवं तर कुणालाही."

"अगं पण तुला कशाला हवंय हे सगळं?"

"तुझे विनोद मला कळायचे नाहीत. शोधायला लागले की हे कशावरून, ते कशावरून. मग या पानावर आले. इतक्या चुका होत्या ना, काय सांगू. र्‍हस्व दीर्घाचा तर पत्ताच नाही. म्हटलं, बसल्या बसल्या नीट तरी करावं."

लेखिकेने कपाळावर हात मारला आणि ती खुर्चीत बसली. तिला हसावं की रडावं कळेना. दाढीवाला इसम, वेफर्सची पिशवी, सगळं चित्र एका क्षणात पुसलं गेलं, पण राग काही पुसला गेला नाही. उलट इतक्या दिवसांचा सगळा साठा वर आला.

"माझी ओळ तू उडवत होतीस म्हणजे. बाबांची ओळ."

"कुठली तुझी ओळ?"

"मीच पानापक्कड."

आईने चष्मा काढला. ती तिच्याकडे बघत राहिली. "तो पानापक्कड तू होतीस?" ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, कुणीतरी रिकामटेकडा आहे, मनाला येईल ते लिहितोय. म्हटलं, माझ्या मुलीच्या घरातलं याला काय माहीत."

"पण तुला माहीत होतं ना? मग काढलीस का?"

"खोटं होतं म्हणून काढली."

"खोटं?" लेखिका उठून उभी राहिली. "आई, मी लिहिलंय ते. डबा माझा आहे. मला गोवर आला होता तेव्हा बाबा हात घासून माझ्या कपाळावर ठेवायचे. मला अजून तो हात आठवतो. आणि तू मला सांगतेस खोटं आहे?"

"तुझे डोळे मिटलेले होते," आई म्हणाली.

"म्हणून काय झालं? आवाज येत होता ना. ते गोष्ट सांगत होते."

"आवाज त्यांचाच होता. दारातून येत होता." आईचा स्वर छापखान्यातल्यासारखा होता, नुसता चूक दाखवणारा, त्यात राग नव्हता. "त्यांना लहानपणी गोवर आलेला नव्हता. डॉक्टरांनी त्यांना खोलीत यायला मनाई केली होती. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं होतं. मग ते बाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि तिथून गोष्टी सांगायचे. चांगल्या सांगायचे. पण हात माझा होता."

लेखिका पुन्हा खुर्चीत बसली.

"छापखान्यातून आले की बोटांना शाई असायची. तशा हातांनी तुला कसं शिवणार? मग साबण लावून गार पाण्याने खसाखसा धुवायचे. हात बर्फ व्हायचे. एकदा तसाच लावला तर तू किंचाळलीस. तेव्हापासून घासून गरम करायला लागले."

खिडकीखालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याची पीं पीं वर येत होती. लेखिका ती ऐकत राहिली. तिला गोष्ट आठवत होती, खसखस आठवत होती, हात आठवत होता. सगळं खरं होतं. ते एकत्र कुणी बांधलं होतं, तर तिने.

"मग सांगितलं का नाहीस कधी?" तिने विचारलं. तिचा आवाज चढलाच. चूक आपली आहे हे कळल्यावर माणूस जसा चढतो तसा. "मालिका लागली, इतके दिवस झाले. एका शब्दाने बोलली नाहीस."

"मला वाटलं, तुला आठवतंय म्हणूनच लिहिलंस." आईने चष्मा परत लावला, पुन्हा काढला. "पहिला भाग लागला तेव्हा मी एकटीच बघत होते. त्या डब्याने हात घासले आणि मला समजलं. आनंद झाला मला. म्हटलं, तोंडाने बोलणार नाही ही पोरगी, पण लिहिलंन. म्हणून तर त्या पानावर बसले. कधीतरी तू कुठे छापून सांगशील, मग मी लिहीन, असं मनात होतं."

"तूच का नाही लिहिलंस, आईचे हात आहेत म्हणून?"

"पुरावा कुठे होता माझ्याकडे?" आई म्हणाली. ती चेष्टा करत नव्हती.

लेखिकेने तिला पुस्तकाचं सांगितलं. दुपारी मजकूर छपाईला गेला, त्यात काय लिहिलं आहे आणि शेवटचं वाक्य कोणतं आहे, सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं. मग ती उठली, कपाट उघडलं, एक पाकीट काढलं आणि त्यातून बाबांचा फोटो निवडून पुढे केला.

"हा घे. यात छान दिसतात ते," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी लेखिका उरकाच्या दारात हजर होती, तो यायच्याही आधी.

"हातांचा मजकूर बदलायचाय."

"फोटो आणलास?"

"फोटो राहू दे. मी चुकीचं लिहिलं. ते हात माझ्या बाबांचे नाहीत, आईचे आहेत. एवढं एक पान थांबवा."

उरकाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती यानातलं झुडूप आहे. "यंत्रावर चढलंय ते. काल रात्रीपासून छापतायत. आता कसलं थांबवतेस?"

"मग ते पान कापून नवं चिकटवा. चुकीची दुरुस्ती म्हणून एक चिठ्ठी घाला. काहीतरी करा."

"अगं, तूच लिहून दिलंस ना? रडत रडत लिहिलंस. आज बाबा, उद्या आई, परवा मावशी म्हणशील. लोकांनी विश्वास कशावर ठेवायचा?" मग त्याचा आवाज समजुतीचा झाला, आणि तो तिला जास्तच झोंबला. "आणि खरं सांगू का, बाबाच बरे आहेत. गेलेला बाप, मुलीची आठवण. माणसाच्या काळजाला हात घालतं ते. आई हात घासते यात काय विशेष? सगळ्याच आया घासतात."

"सगळ्याच नाही घासत."

"दुसऱ्या आवृत्तीत बघू. चल, उरकून टाक तो विषय."

तिने आदळआपट केली. कचेरीच्या वकिलाकडे गेली. त्याने सांगितलं, की लेखी तूच दिलंयस, आता आम्ही काय करणार. छापखान्यात फोन केला, तर तिथला माणूस म्हणाला, निर्मात्याचं पत्र आणा. चित्रकाराने तिच्यापुढे चहा ठेवला आणि प्रथमच विनोद केला नाही. बाबांचा फोटो तिने दिला नाही. तेवढंच तिच्या हातात होतं. फोटोच्या जागी त्यांनी डब्याचं चित्र छापलं, आणि त्याने काडीचाही फरक पडला नाही.

मग तिने शेवटचा मार्ग धरला. पानापक्कड नाही, काही नाही, स्वतःच्या खऱ्या नावाने तिने खुणांच्या पानावर लिहिलं, "डब्याचे हात माझ्या आईचे आहेत. पुस्तकातला मजकूर चुकीचा आहे, आणि ती चूक माझी आहे." लिहून ती पडद्याकडे बघत बसली. पुस्तक त्याच आठवड्यात दुकानांत येणार होतं.

पुस्तक आलं. हातोहात खपलं. हातांचं पान तर लोकांनी मोबाइलवर एकमेकांना पाठवायचा सपाटा लावला. कुणी आपल्या वडिलांच्या आठवणी खाली लिहिल्या, कुणी लिहिलं की आम्ही वाचून रडलो. लेखिका प्रत्येक वेळी ते वाचायची. लोक खरोखरीच रडत होते. त्यांचं रडणं खोटं कसं म्हणायचं?

आणि एका दुपारी तिने खुणांचं पान उघडलं, तर तिने खऱ्या नावाने लिहिलेली ओळ नव्हती. मूकपटातला डॉक्टरही नव्हता. तिथे नवं वाक्य होतं, "तळवे घासणे : ही सवय लेखिकेच्या वडिलांची." पुढे पुस्तकाचं नाव, पान क्रमांक, सगळं पद्धतशीर. खाली शेरा होता, "छापील पुरावा मिळाला. लेखिकेच्या नावाने आलेली विरुद्ध नोंद पुराव्याअभावी काढली आहे. चर्चा बंद. निळी पेन्सिल."

लेखिका कचेरीच्या जिन्यात गेली आणि तिने फोन लावला.

"आई, हे काय केलंस तू?"

"काय केलं?"

"तुला माहीत आहे ना खोटं आहे ते?"

"माहीत आहे. पण छापलंय ना." आईच्या मागे भांड्यांचा आवाज येत होता, ती फोन खांद्यात धरून काहीतरी आवरत होती. "इतकी वर्षं मी लोकांना पुरावा मागितला. आता माझ्यावर आलं म्हणून नियम मोडायचा? मग इतरांच्या ओळी काढायचा मला काय हक्क?"

"तो नियम गेला खड्ड्यात. अगं, ते तुझे हात आहेत. तू स्वतः लिहिलंस, की तुझे नाहीत म्हणून."

"मी तसं लिहिलं नाही. बाबांचे आहेत असं लिहिलं."

लेखिकेने भिंतीला डोकं टेकलं. दगडावर डोकं आपटणं म्हणजे काय, ते तिला त्या जिन्यात कळलं. "ठीक आहे. मी मुलाखत देते. उरका काय करायचं ते करो, नोकरी गेली तरी चालेल. छापून आणते. मग तर लिहिशील?"

भांड्यांचा आवाज थांबला.

"नको," ती म्हणाली. "तू आपणहून सांगितलं असतंस तर लिहिलं असतं. आता मी सांगितल्यावर तू सांगणार. ते माझंच मी छापून घेतल्यासारखं होईल. राहू दे. त्यांनी गोष्टी तर सांगितल्याच होत्या ना तुला."

लेखिकेला म्हणायचं होतं, की मला तो हात आठवत होता, फक्त कुणाचा ते आठवत नव्हतं, आणि तो विसर तुला इतका महाग पडेल असं वाटलं नव्हतं. पण बाबांशी बोलताना जे सहज सुचायचं ते आईशी बोलताना आजही सुचेना. तिने नुसतंच विचारलं, "तुला पुस्तक दिलं का त्यांनी? मी पाठवते एक."

"मी आणलं दुकानातून. त्याशिवाय पान क्रमांक कुठून लिहिणार?" आई म्हणाली. मग तिचा आवाज जरा सैल झाला, आयुष्यभर याच कामाने ती खुश होत आली होती. "सगळं वाचलं मी, पहिल्या पानापासून. पेन घेऊन बसले होते. चांगलं छापलंय गं. एक चूक सापडली नाही मला."